नाव लिहायचं नाही

सहावीच्या बाईंनी तो कागद तिसऱ्यांदा वाचला आणि बाकीचा गठ्ठा बाजूला सारला.

वाचनाच्या तासाला धड्यातल्या माणसांचे स्वभाव शिकवून झाले होते. मग गृहपाठ दिला: रोज दिसणारी एक खरी व्यक्ती निवडा. नाव लिहायचं नाही, नातंही नाही. वर स्वभावाचा एक शब्द आणि खाली पुरावे. "नुसतं 'प्रेमळ' मला चालणार नाही. कशावरून, ते सांगा," हे बाईंचं पालुपद वर्गाला तोंडपाठ होतं. पोरांनी आजोबांना कंजूष ठरवलं होतं आणि धाकट्या भावांना आगाऊ.

सतत पेन्सिल कुरतडणाऱ्या एका मुलीला सगळे खारूताई म्हणत. तिने लिहिलं होतं:

"स्वभाव: भित्रा. पुरावे: दार आपटलं की ही व्यक्ती दचकते. मग हसते, पण नुसतं तोंडाने. फोन वाजला की बोलता बोलता विसरते. उकाड्यातही हात झाकून ठेवते. विचारलं तर 'पडले' म्हणते. एका महिन्यात तीनदा कोण पडतं?"

असल्या गोष्टी बाईंना चटकन कळत. हातच्या काकणाला आरसा कशाला? खारूताईची आई घरात मार खात होती.

त्यांनी कागद मुख्याध्यापकांना दाखवला. "दुसऱ्याच्या संसारात आपण पडू नये, बाई," ते म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाईंनी मान डोलावली. नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. पण वर्गात ती पोर समोर पेन्सिल चावत बसलेली दिसली आणि त्यांना राहवेना. मधल्या सुट्टीत त्यांनी तिच्या आईला फोन लावला. "कागदाबद्दल बोलायचंय," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर याल? आत्ता नको, कुणी ऐकेल."

शाळा सुटली. रोज पाचच्या आत घरी पोचायचं, हा बाईंच्या घरचा नेम होता. आज तो मोडणार होता. त्याचं पुढे बघू, असं मनाशी म्हणत त्यांनी बाह्या सारख्या केल्या आणि वाट बघत बसल्या.

आई आली ती शिवणकाम तसंच टाकून. गळ्यात मोजपट्टी, पदराला दोऱ्याचे तुकडे. बाईंनी खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी एक धिप्पाड माणूस गाडीला टेकून उभा होता आणि थेट वर्गाकडेच बघत होता.

"ते तुमचे मिस्टर?"

"हो. थांबतील ते."

असला माणूस चिडला तर? त्यांनी घाईने दार लावून घेतलं. ते वाऱ्याने आपटलं, तशा त्या दचकल्या आणि मग हसल्या. समोर बसून त्यांनी कागद पुढे सरकवला.

"तुम्ही घाबरू नका. त्यांना इथलं काही ऐकू जात नाही. मला सगळं सांगा."

आईने कागद वाचला नाही. घडी घालून तो तसाच परत ठेवला.

"ती हे लिहीत होती तेव्हा मी शेजारीच होते, बाई. माझ्यावर नाही लिहिलेलं. मी कुठे पडते?"

"मग कुणावर..."

टेबलावर पालथा ठेवलेला बाईंचा फोन थरथरला. त्यांचं वाक्य अर्धवटच राहिलं. घड्याळात सव्वापाच झाले होते.

आईने फोनकडे पाहिलं, मग मनगटापर्यंत ओढलेल्या त्या बाह्यांकडे. हात पुढे करून तिने फोन बंद केला.

"दुपारी तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, तुम्हीच मदत मागताय," ती म्हणाली. "म्हणून ह्यांना गाडी घेऊन बोलावलंय. चला, आज आमच्या घरी."