नवस कुणाला केला

"पन ये चर्च कौनसे संत का है?" ठकुबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि नातवाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

गाइड हुमेरा अवघडून हसली. "आंटी, सच में किसी को नहीं मालूम."

गेल्या वर्षी आखातातल्या याच बेटावर, जुन्या ख्रिस्ती मठाच्या या गुडघाभर उरलेल्या भिंतीला हात लावून सविताच्या सासूबाई ठकुबाई नवस बोलल्या होत्या. या खेपेला सुनेचं बाळ सुखरूप हाती लागू दे, त्याला तुमचंच नाव ठेवीन. तुमचं म्हणजे कुणाचं, हे विचारायचं त्या भरात राहूनच गेलं. आधीची दोन पोटातच गेलेली, भान होतं कुणाला? आता रविवारी बाप्तिस्मा होता आणि फादर नाव विचारत होते. सविता समोरच्या किनाऱ्यावर, रुवैसला नर्स होती. नवस न फेडल्यानं काही होत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी झोपलेल्या बाळाच्या नाकाशी ती पुन्हा पुन्हा बोट धरून बघायची.

"आई, जोसेफ ठेवू या ना," तिचा नवरा दौलत म्हणाला. "तोही संतच आहे. खलास!"

"एकाला कबूल केलेलं दुसऱ्याच्या हातावर ठेवायचं? श्रीरामपूरच्या बाजारात तरी चालतं का असं?"

आईपुढे दौलतचं शहाणपण एका वाक्याच्या पुढं कधी गेलंच नव्हतं.

सविताला राहवेना. "कहीं कुछ लिखा हुआ नहीं मिला? कोई चिठ्ठी वगैरा?"

हुमेराचा चेहरा खुलला. असलं कुणी तिला विचारत नसावं. पत्रं होती म्हणे, तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीची. या किनाऱ्यावरच्या बिशपांना आणि मठवासीयांना त्यांचे सर्वांत मोठे धर्मगुरू इराकातून लिहायचे.

"पोप?" ठकुबाईंनी कान टवकारले.

"पोप जैसे ही समझो. उनका चर्च अलग था."

"क्या लिखते थे?"

"डाँटते थे. कि तुम लोग हमारी सुनते नहीं, अपनी मर्जी चलाते हो. लेकिन इस मठ के संत का नाम किसी खत में नहीं है."

"म्हणजे पोपालाही दाद देत नव्हते म्हणायचे!" ठकुबाई फिसकन हसल्या. मग त्यांचं हसू विरलं. वेदीच्या जागेपुढं दोरी बांधलेली होती. त्या दोरीपाशी गेल्या, नातवाचं टोपडं काढलं आणि त्याला दोन्ही हातांनी पुढं धरलं.

"बाबा, चूक आमची," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव न विचारता मागितलं. पण तुम्ही तरी कुठं विचारलंत आमचं? देऊन मोकळे झालात."

सविताला भडभडून आलं. इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. सासूबाईंनी बाळ तिच्या हातात दिलं.

"घे. आता तूच ठेव नाव, तेच त्यांचंही. कानात सांग त्याच्या."

सविता डोळे पुसून बाळाच्या कानाशी वाकली.

"जरा मोठ्यानं गं," ठकुबाई म्हणाल्या. "त्यांनाही ऐकू जाऊ दे."