मारिट कुणाच्या घरची

आर्डिस पायरीवर उभी राहून बुटांचा बर्फ झटकत होती.

"आत ये," लोवेल म्हणाला. "सगळी ऊब बाहेर चाललीय."

दोघं वेगळे झाल्यापासून ती या स्वयंपाकघरात कधी बसली नव्हती. आज बसली. सरोवराकाठच्या डुलुथ बंदरातला हिवाळ्याचा बर्फ फुटून बोटींची वाट मोकळी झाली होती. संध्याकाळी तिची मालवाहू बोट सुटणार होती, आणि मग थेट जानेवारीपर्यंत ती खलाशांना रांधून वाढणार होती.

"कराचं बोलायला आलेय," ती म्हणाली. "या वर्षी आपल्या मारिटला करपत्रकात तुझ्या नावावर दाखव."

लोवेल कॉफी ओतता ओतता थांबला. "वकिलासमोर ठरलंय ना आपलं? मुलीमागची करसवलत तू घ्यायचीस."

"ठरलं तेव्हा माझी नोकरी गावात होती. पोर ज्याच्या घरी झोपते, त्यानंच तिला दाखवायचं असतं. गेलं वर्षभर मी बोटीवर, ती इथे झोपली."

"तू काय हवा खायला जातेस? कामाला जातेस. खुशाल दाखव. मी कुणाला सांगणार नाही."

"तू नाही सांगणार, ठाऊक आहे मला. पण मी खोटं कसं लिहू?"

तो समोर बसला. "बरं. परतावा आला की निम्मा तुझा."

"त्यातून तिला बूट घे. पाय वाढलेत तिचे." तिनं कप दोन्ही हातांत धरला. "काल माझं पत्रक भरत होते. मुलांचा रकाना आला. तिथे 'कोणी नाही' लिहिलं. लिहून झालं, आणि पुढचं काही सुचेचना."

लोवेलनं साखरेचं भांडं तिच्याकडे सरकवलं. तिनं साखर केव्हाच सोडली होती, तरी एक चमचा घातली.

तेवढ्यात मारिट जिना उतरून आली. पायांत मोजे, हातात कंगवा.

"आई, तू घाल ना वेणी. बाबा घालतो ती बसमध्येच सुटते."

"बस चालवणाऱ्याला सांग, खड्डे चुकव म्हणावं," लोवेल म्हणाला.

आर्डिसनं तिला पुढ्यात बसवलं आणि केसांचे तीन पेड केले. लोवेल उठून आर्डिसच्या मागे येऊन उभा राहिला.

"जरा हळू. मला बघू दे."

तिनं हळू घातली. प्रत्येक पेड ओढून, त्याला दिसेल असा हात बाजूला घेत. शेवटी रबर लावलं. मारिट उठायला लागली.

"थांब गं, बस."

आर्डिसनं रबर काढलं, बोटांनी सगळी वेणी उलगडली. मग खुर्चीतून उठली आणि ते मोकळे केस लोवेलच्या हातात दिले.

"आता तू घाल."