चमकीची गिटार

फकिरा आदिलाबादच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. गाणाऱ्यांच्या मागे उभा राहत असल्यामुळे लग्नाच्या एकाही व्हिडिओत तो कधी दिसला नव्हता. बायकोच्या, शकुबाईच्या, माहेरचे चिडवायचे, "भाऊजी खरंच वाजवते, का नुसत्या वायरी गुंडाळते?"

जुनी गिटार बिघडली तेव्हा शकुबाईही दुकानात गेली. दोन गिटारी समोर आल्या. एक साधी लाकडी रंगाची, दुसरी चमचमती निळी.

"आवाज सेम टू सेम है," दुकानदार म्हणाला.

फकिराने दोन्ही वाजवून पाहिल्या आणि लाकडी रंगाची उचलली.

"निळी घ्या," शकुबाई म्हणाली. "आता तरी लोकायले दिसाल तुमी."

"मले त्या चमकीची लाज वाटते."

"मले नाई वाटत."

त्याने निळी घेतली.

पुढे जूनमध्ये तेलंगणा वेगळं राज्य झालं. आदिलाबादेतल्या जल्लोषाच्या कार्यक्रमाला हाच ऑर्केस्ट्रा ठरला आणि तो केबलवर थेट दिसणार होता. शकुबाईने तलमडुगुहून भावाला मुद्दाम बोलावून टीव्हीसमोर बसवलं. दुसऱ्याच गाण्याला कॅमेरावाल्याची नजर निळ्या गिटारीवर गेली आणि तिथंच खिळली. पडदाभर ती झगमगत राहिली. तारांवर फिरणारी बोटं तेवढी दिसत होती, चेहरा काही पडद्यात मावला नाही.

भाऊ खूश झाला. म्हणाला,

"गिटार तं लय भारी हाय, शकू. पण भाऊजी काऊन नाई आले आज?"