गुळाचं पाणी

कोलंबियाच्या सायकलशर्यतीत रीत आहे, ज्याचं गाव येईल त्याला सगळे पुढे सोडतात. “पळ रे गाढवा, आईला भेटून ये!” आमच्या संघाचा कप्तान ओरडला. अकरा वर्षं मी त्याच्या पाण्याच्या बाटल्या वाहतोय. घाटाच्या पायथ्याशी, आईच्या नेहमीच्या वळणावर, गुळाच्या पाण्याची बाटली घेऊन मावशी उभी होती. एकटीच. “आई कुठंय?” “रविवारी गेली रे, एवेलिओ. तुमच्या मॅनेजरला लगेच कळवलं होतं. बोलला नाही तुला? ही बाटली तिनंच धुऊन ठेवलेली, गूळ मी घातला.” मागून घोळका आला. “चल एवेलिओ, चढ सुरू झाला!” मॅनेजर गाडीतून खेकसला. माझ्याकडे बघेना. मी बाटली सायकलला अडकवली, पायांनी आपोआप पॅडल मारलं. वर दरीच्या कडेला कप्तानाचा हात पुढे आला, रोजच्यासारखा. मी बाटली दिली, रोजच्यासारखीच. त्यानं दोन घोट घेतले, “फारच गोड,” म्हणाला आणि ती दरीत भिरकावली.