समोरासमोर

वेलिंग्टनहून आलेल्या बाईंनी आमच्या बेटावरच्या अपिया शहरातल्या ऑफिसात नवी पद्धत आणली. साहेबांनी प्रत्येकाला समोर बसवून त्याच्या चुका तोंडावर सांगायच्या. सेउली साहेबांना घाम फुटला. ते त्यांच्या गावाचे थोरले मानकरी. आमच्यात थोरला मानकरी स्वतःच्या तोंडाने कुणाला बोल लावत नाही, त्याच्या वतीने गावचा वक्ता बोलतो. नशीब, त्या गावचा वक्ता फोनोती आमचाच हेडक्लार्क होता. वक्त्याची खूण असलेली काथ्याची चवरी खांद्यावर टाकून तो साहेबांशेजारी उभा राहिला.

साहेब त्याच्या कानात कुजबुजायचे आणि फोनोती भारदस्त आवाजात चूक सांगायचा. मी कोको प्यायला गेले की तासभर उगवत नाही, हे त्याने असं काही सांगितलं की मला बक्षीस मिळाल्यासारखंच वाटलं.

शेवटचं नाव फोनोतीचंच निघालं. साहेब याही वेळी त्याच्या कानात कुजबुजले.

फोनोती रिकाम्या खुर्चीकडे बघून गरजला, "फोनोती, रोज दुपारी टेबलावर घोरतोस! जनाची नाही, मनाची तरी ठेव!" मग स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, साहेब."

बाई खुशीत निघून गेल्या. मी म्हटलं, "साहेब, त्याला फारच कडक बोललात हो."

साहेबांनी कपाळ पुसलं आणि पोटभर हसले. "मी? अगं, सकाळपासून प्रत्येकाच्या वेळी मी त्याच्या कानात एकच सांगत होतो: तूच बघ बाबा काय ते."