बर्फ संपल्यावर

पाहुण्यांच्या सरबतात आईनं गडबडीत घरातला सगळा बर्फ संपवला. समुपदेशक बाईंनी लेकीला शिकवलं होतं, स्वतःला इजा करावीशी वाटली की बर्फाचा तुकडा मुठीत धरायचा. ती लाट ओसरते. लेक स्वयंपाकघरात आली, रिकामा ट्रे बघून थबकली. “आई, बर्फ?” बाहेरून काका ओरडले, “बर्फ खाऊ नकोस गं, घसा बसेल!” सगळे हसले. लेक बाह्या खाली ओढत बाथरूमकडे वळली. आईनं वाट अडवून आपला हात पुढे केला. “हा धर. हवा तेवढा घट्ट.” “तुला लागेल.” “लागू दे.” नखं खोल रुतली. आईनं हात मागे घेतला नाही. पकड सैल झाल्यावर लेक रडत म्हणाली, “आई, रक्त आलंय!” आई मात्र लेकीचं मनगट बघत होती. त्यावर आज नवा ओरखडा नव्हता.