पांढऱ्यावर पांढरं

"खरं असेल ते एकदाच सांग गं, पुरे होतं." लहानपणी ती थापा मारायची, तेव्हा आई हसून म्हणायची.

पुढे तिचं पोटच तेच तेच सांगण्यावर चाललं. गिऱ्हाइकाची वेबसाइट सर्चमध्ये वर यावी म्हणून ती पानाच्या तळाशी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, माणसाला दिसू नयेत पण सर्चला वाचता यावेत असे, तेच ते शब्द पेरत राहायची. एका वृद्धाश्रमासाठी तिनं 'मायेनं सांभाळतात' असं चाळीसदा लिहिलं होतं. आश्रम पाहिला मात्र नव्हता.

धाकट्या भावानं आईला नेमकं तिथंच ठेवलं. "ताई, सर्चमध्ये पहिलं नाव यांचंच आलं बघ!" तिनं विषय बदलला.

आज दोघं भेटायला आली. आई वाळून काडी झाली होती. मनगटांवर बांधल्याचे वळ होते.

"आई, कशी आहेस गं?"

"मायेनं सांभाळतात," आई पांढऱ्या भिंतीकडे बघत म्हणाली. मग पुन्हा तेच, त्याच सुरात. नकळत लेक मोजू लागली. चाळीस झाल्यावर आई थांबली, श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू झाली.

"हिला थांबव रे!"

"कुणाला?" भाऊ गोंधळला. "आई महिनाभर एक शब्द बोललेली नाही, ताई."

आईचे ओठ खरंच मिटलेले होते. आवाज चालूच होता.

तिनं मान खाली घातली. "यांचं ते पान मी लिहिलंय रे."